जन आरोग्य योजनेतून स्तनाच्या कर्करोगावर उपचार : मंजुरी नेमकी कुठे अडते

पात्रतेचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पिवळ्या, केशरी आणि शुभ्र अशा सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे. मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये, पण ती संपूर्ण कुटुंबाची. शिधापत्रिका नसेल तर अधिवास दाखला चालतो. सोबत फोटो असलेले ओळखपत्र घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटायचे. ते रुग्णालय कर्करोगाच्या उपचारांसाठी अंगीकृत आहे का, हे मात्र आधीच विचारा.

खरी अडचण तपासणीच्या कागदांची. गाठ लागली की गावाकडे बहुतेकदा बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, होते आणि बाई तोच रिपोर्ट घेऊन शहरात येते. पूर्वी कर्करोग आहे की नाही एवढे कळले तरी पुढचा रस्ता ठरायचा. आता गाठीचा प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. त्यासाठी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने काढलेला गाठीचा तुकडा, आणि त्याच्यावरची आयएचसी नावाची रंग देऊन केलेली तपासणी लागते. ती तीन गोष्टी पाहते : ईआर आणि पीआर (पेशींवरचे हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारे प्रथिन). ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या इंजेक्शनचा.

सगळ्यात जास्त घोळ हर-टूच्या आकड्यात होतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे अजून ठरलेले नाही. अशा वेळी फिश, म्हणजे त्याच तुकड्यातल्या हर-टूच्या जनुकाची तपासणी, करावीच लागते. २+ चा रिपोर्ट जोडून ट्रॅस्टुझुमॅबची मागणी केली की प्रश्न लागून परत येते, आणि घरच्यांना वाटते औषधच नाकारले. नीट समजावून सांगायला कोणी दोन मिनिटे देत नाही, याचा फार संताप येतो.

फिशसाठी पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, लागतो. तो बायोप्सी केलेल्या लॅबमध्ये पडून असतो, आणि रिपोर्टची झेरॉक्स त्याच्या जागी चालत नाही. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणीही बाहेरच्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड पुन्हा तपासतात. म्हणून लॅबला लेखी अर्ज देऊन ते मागून घ्या, जपून ठेवा. ऑपरेशनआधी केमो दिली तर कधी कधी गाठ पूर्ण विरघळते. मग तपासायला तो पहिला ब्लॉकच उरतो.

ट्रॅस्टुझुमॅब साधारण वर्षभर चालते, बहुधा दर तीन आठवड्यांनी. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि मधूनमधून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. जुना इको जोडला की पुढचा डोस रखडतो. इकोची तारीख आधीच्या डोसच्या दिवशीच घेऊन ठेवा.

लग्न झालेल्या बायकांचे आणखी एक दुखणे : आधारवर सासरचे नाव, शिधापत्रिकेत माहेरचे, किंवा कुठेच नाही. सासरच्या कार्डात नाव चढवायला माहेरच्या पुरवठा शाखेचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो. निदान झाल्या दिवशीच घरातल्या एकाने हे काम हाती घ्यावे. आजारी बाईला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावू नका.

मंजुरी येण्याआधी पदरचे पैसे भरून उपचार सुरू केले तर ते नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही झालेल्या खर्चाची भरपाई होत नाही. योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी तिथे अर्ज करायचा असेल तर वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवे, आणि खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये जुना ठरतो, मग तो काढून दोनच महिने झालेले का असेनात.

अर्ज परत आला तर कारण लेखी मागा. आरोग्यमित्र दाद देत नसेल तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.