सुगीतील टर्कीची शिकार

अमेरिकेच्या मध्यपश्चिमी राज्यांत मका आणि सोयाबीनची काढणी चालू असताना, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, शेतांच्या कडेने होणारी रानटी टर्कीची (मेलिआग्रिस गॅलोपाव्हो) शिकार. वसंतातील शिकारीहून ती मुळातच वेगळी आहे. वसंतात नर माजावर असतो. मादीच्या आवाजाची नक्कल केली की ओ देत जवळ येतो. शरदात ही ओढ नसते. थवे चाऱ्यामागे फिरतात, त्यामुळे शिकाऱ्याला पक्ष्याआधी पिकाची खबर ठेवावी लागते.

मका उभा असेपर्यंत थवा त्यात शिरला की दिसेनासा होतो. हार्वेस्टर फिरला की एका दुपारीत तो आडोसा जातो आणि धसकटांमध्ये गळलेले दाणे, मोडकी कणसे उघडी पडतात. टर्की रात्री झाडावर बसते. म्हणून ओढ्याकाठच्या झाडीला लागून असलेले ताजे कापलेले रान सर्वांत चांगले. तिथे पाचोळा उकरल्याच्या खुणा सापडतात. विष्ठेवरूनही ओळख पटते: नराची लांबट व टोकाला वळलेली, मादीची वेटोळी. छातीचे गळलेले पीस हातात घ्यावे; टोक काळे असेल तर नराचे, तपकिरी असेल तर मादीचे.

जुनी आणि माझ्या मते सर्वांत देखणी रीत थवा उधळण्याची. शिकारी ओरडत थव्यावर धावून जातो. पक्षी चहूदिशांना उडाले तरच उपयोग, एकाच दिशेला गेले तर डाव फसला. मग तो त्याच जागी झाडाला पाठ टेकून निश्चल बसतो. थोड्या वेळाने तोंडातल्या पडद्याच्या शिट्टीने ‘की-की’ असा चुकलेल्या पिल्लाचा आवाज काढतो. त्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले अजून आईच्या थव्यातच असतात. ती उत्तर देत परततात. काही राज्यांत थवा उधळायला कुत्रा वापरता येतो. टर्कीचे घ्राण यथातथाच, नजर मात्र अतिशय तीक्ष्ण; हात हलला तरी खेळ संपतो. बार छऱ्याच्या बंदुकीने, डोके-मानेवर आणि जवळूनच टाकतात.

जमीन बहुधा खासगी असते, तेव्हा शेतकऱ्याची परवानगी आधी. सुगीत त्याला क्षणाची उसंत नसते. गाडी वाटेत उभी करणारा किंवा उभ्या पिकातून चालणारा पाहुणा पुन्हा बोलावला जात नाही. काढणीत आपोआप सांडलेले दाणे बहुतेक राज्यांत बंदी असलेले आमिष मानले जात नाहीत, मुद्दाम टाकलेले मानले जातात. टर्की पीक खाते ही तक्रार जुनी आहे. इंडियानात पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शेतांची पाहणी केली तेव्हा मका-सोयाबीनचे नुकसान मुख्यतः हरणे आणि रॅकून यांचे निघाले. ते प्राणी बहुतेक रात्री येतात, टर्की भरदिवसा दिसते, आणि आळ तिच्यावर येतो.

हा पक्षी आज शेतात दिसतो हेच मोठे. बेसुमार शिकार आणि जंगलतोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. विस्कॉन्सिनने 1976 मध्ये मिझुरीहून रानटी पक्षी आणून सोडले, बदल्यात ग्राउझ पक्षी दिले. अशा कामांना 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा दिला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारबंदीत वाढलेल्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण तिथे पक्षी परत आणण्यात शिकाऱ्यांचा पैसा होता. आपल्याकडे टर्की पाळीव रूपातच आली: 1612 मध्ये गोव्याहून जहांगीरच्या दरबारी नेलेल्या टर्कीचे मन्सूरने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे.

शरद हंगामाचा खरा प्रश्न मादीचा आहे. वसंतात बहुतेक ठिकाणी छातीवर केसांची दाढी असलेलाच पक्षी मारता येतो, शरदात अनेक राज्ये मादीलाही परवानगी देतात, आणि मेलेली मादी पुढच्या वर्षी घरटे करत नाही. थवे भरभराटीत असताना ही घट भरून निघते. पिल्ले कमी जगू लागली की भरून निघत नाही. टर्कीची संख्या घटल्यामुळे कॅन्ससने 2023 पासून शरदातील शिकार स्थगित केली, वसंतातील चालू ठेवली.