भंगार वेल्ड केलं की झालं अमूर्त शिल्प?

“लोखंडाचे तुकडे हवे तसे वेल्ड करा, झालं अमूर्त शिल्प” हा मजकूर फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो पाहून तसं वाटणं साहजिकच आहे. फोटोत शिल्पाची खोली चपटी होते आणि तुकड्यांमधली पोकळी हरवते.

अमेरिकेतल्या अमूर्त अभिव्यक्तिवादी (ओळखीच्या आकृतीऐवजी आकारांतून भाव मांडणाऱ्या) शिल्पकारांपैकी काहींनी भंगार वापरलं, हे खरंच. पण त्यांच्यातल्याच डेव्हिड स्मिथची १९६०च्या दशकातली ‘क्यूबी’ ही शिल्पमालिका घ्या. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याच्या, आतून पोकळ पेट्या. मांडणी आधी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर (तीही दारूच्या!) करून पाहिलेली. पेटी एका कोपऱ्यावर कशीबशी तोललेली दिसते, पण भार पेलतो तो वेल्डिंगचा सांधा. म्हणजे डोळ्यांना दिसणारा तोल वेगळा, वजनाचा वेगळा, आणि शिल्पकाराला दोन्ही सांभाळावे लागतात.

पडताळा घरीच घेता येतो. तीन-चार काडेपेट्या तिरक्या चिकटवून उभ्या करा. गुरुत्वमध्य तळाच्या बाहेर गेला की रचना कलंडते. उभी राहिलीच, तर एक पेटी बोटभर सरकवा आणि मधल्या रिकाम्या जागेचा आकार बघा. प्रत्यक्ष शिल्पापाशी गेलात, तर समोरून न बघता आधी पूर्ण फेरी मारा.