बांधकाम कामगारांची नोंदणी: साइट सुरू होतानाच हाती घ्यायचं काम

साइटवरच्या सुरक्षेचा विचार हेल्मेट, जाळी आणि परांचीपाशी थांबतो. कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हे मात्र बहुतेक वेळा अपघात झाल्यावर विचारलं जातं. कामावर असताना नोंदीत कामगाराचा मृत्यू झाला, तर त्याच्या वारसाला 5 लाख रुपये मिळतात. 75 टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व आलं, तर 2 लाख. त्यासाठी नोंदणी चालू असावी लागते. म्हणून पहिल्या आठवड्यातच मुकादमाने कोणाची नोंदणी आहे, कोणाची संपली, याची यादी करावी.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे 18 ते 60 वयाच्या कामगाराला अर्ज करता येतो. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी, बिगारी, सगळेच यात येतात. अट एकच आणि तीच अवघड: मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला.

हा दाखला ठेकेदार किंवा मालक देतो. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि शहरात पालिकेचा अधिकारीही देऊ शकतो. मजूर नाक्यावरचा माणूस वर्षात अनेक ठेकेदारांकडे राबतो, त्यामुळे कोणीच सही करायला तयार होत नाही. यावर खरा उपाय ठेकेदाराच्याच हातात आहे: रोजची हजेरी नावानिशी लिहा आणि दिवस भरले की दाखला द्या. मग कामगाराचं काम दाखल्यापायी अडण्याचं काहीच कारण नाही. दाखल्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे ना, हे बघून घ्या. ऑनलाइन अर्जात दोन्ही भरावे लागतात.

बाकी कागद साधे आहेत: आधार कार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मूळ कागद घेऊन पडताळणीला जायचं. नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा 90 दिवसांचा नवा दाखला लागतो. घरच्यांना नोंदणी क्रमांक सांगून ठेवा. मृत्यूनंतरचा अर्ज वारसालाच करायचा असतो, आणि त्याला मृत्यूच्या दाखल्यासोबत अपघात कामावर असतानाच झाल्याचा पुरावाही जोडावा लागतो. तिथेही हजेरीची तीच वही कामी येते.