वनस्पतिजन्य मेदाम्ले आणि संरक्षक लेपांची रेझिने

जवस, सोयाबीन, एरंड यांच्या तेलांतून, तसेच पाइनच्या लाकडाचा लगदा करताना मिळणाऱ्या टॉल तेलातून निघणारी मेदाम्ले रासायनिक बदल करून रेझिनांत (लेपाचा थर धरून ठेवणाऱ्या राळेसारख्या पदार्थांत) गुंफली जातात व त्यांपासून धातूचे आणि लाकडाचे रक्षण करणारे लेप बनतात. अशा रेझिनांत अल्किड रेझीन, म्हणजे मेदाम्लांनी बदललेले पॉलिएस्टर, सर्वांत परिचित असून ही संज्ञा १९२० च्या दशकात रसायनज्ञ रॉय किएनले यांनी रूढ केली.

या लेपाचे वाळणे म्हणजे केवळ विद्रावक उडून जाणे नव्हे. मेदाम्लाच्या कार्बन साखळीत दोन द्विबंधांच्या (कार्बन अणूंमधील दुहेरी बंधांच्या) मधल्या कार्बनवरील हायड्रोजन सहज सुटतो, तेथे हवेतील ऑक्सिजन जोडला जातो, आणि त्यातून बनलेली हायड्रोपेरॉक्साइडे (ऑक्सिजनयुक्त अस्थिर संयुगे) फुटून शेजारच्या साखळ्या एकमेकींत सांधल्या जातात. काचेवर जवस तेलाचा पातळ थर देऊन तो वाळताना तोलला, तर त्याचे वजन आधी वाढते. ते शोषलेल्या ऑक्सिजनचे असते. थर जाड दिल्यास वर साय धरते, खालचा भाग ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात.

मेदाम्लातील बदलाचे महत्त्व एरंडेल तेलात स्पष्ट दिसते. त्यातील सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलेइक असते व त्याच्या साखळीत एकच द्विबंध असल्यामुळे हे तेल हवेत वाळत नाही. मात्र आम्ल उत्प्रेरकासह तापवल्यावर त्याचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, दुसरा द्विबंध तयार होतो आणि न वाळणारे तेल वाळू लागते. जवसाचा लेप लवकर वाळतो खरा, पण त्यातील लिनोलेनिक आम्लामुळे कालांतराने पिवळा पडतो. म्हणून पांढऱ्या रंगासाठी निर्जलीकृत एरंडेलच अधिक योग्य होय.

मॅलेइक ॲनहायड्राइड जोडून आम्ल गट आणले व ते अमाइनने (अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थाने) उदासीन केले की मेदाम्लयुक्त रेझीन पाण्यात मिसळण्याजोगे करता येते, त्यामुळे विद्रावक कमी लागतो. टॉल तेलातील मेदाम्लांचे रेणू दोन-दोन जोडून मिळणाऱ्या ३६ कार्बनच्या द्विवारिक (डायमर) आम्लांपासून पॉलिअमाइडे बनवतात. ती इपॉक्सी लेपांना कठीण करतात, तरी लवचिकही ठेवतात.

अल्किडाची खरी दुबळी जागा म्हणजे त्याचा एस्टर बंध, म्हणजे आम्ल व अल्कोहोल यांना जोडणारा बंध. अल्कलीने तो तुटतो व रेझिनाचे साबणात रूपांतर होते. म्हणूनच अल्कधर्मी पृष्ठभागावर, म्हणजे ताज्या काँक्रीटवर किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर थेट लावलेला अल्किड लेप काही काळाने पापुद्र्यांनी सुटून येतो.