ईक्यू हा शेवटी स्वभावच का? वाद नेमका कुठून सुरू झाला

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ईक्यूची, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेची, स्लाइड आली की पाठोपाठ डॅनियल गोलमनचं 1995 चं पुस्तक येतंच, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं ही कल्पनाच त्याची. तसं नाहीये. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्येच भावनिक बुद्धिमत्तेवर पेपर लिहिला होता, आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1920 मध्ये, मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक सोशल इंटेलिजन्सबद्दल, म्हणजे माणसं ओळखून वागण्याच्या हुशारीबद्दल, लिहून गेला होता, फक्त ते मोजायचं कसं हे काही धड जमेना.

पर्सनॅलिटीवाल्यांचं, म्हणजे माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांचं, काम तोवर वेगळ्याच रस्त्याने चाललेलं. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास 18,000 शब्द काढले (काय चिकाटी म्हणायची!), पुढच्यांनी ते गाळत गाळत स्वभावाच्या पाच मुख्य गुणांवर आणले, तेच बिग फाइव्ह.

खरी जुंपली ती ईक्यू मोजायला घेतल्यावर. 1997 मध्ये बार-ऑनची ईक्यू-आय नावाची प्रश्नावली आली, त्यात आपणच आपल्याबद्दल सांगायचं, मला राग आवरतो का, लोकांत मिसळायला जमतं का असल्या टाइपचं, आता जो मुळातच शांत आणि चारचौघांत रमणारा आहे त्याचा स्कोअर वर जाणारच ना! डेव्हिस, स्टँकोव्ह आणि रॉबर्ट्स यांनी 1998 मध्ये हेच दाखवलं, की अशा प्रश्नावल्यांमधून निघतं ते बरंचसं बिग फाइव्हमध्ये आधीच आलेलं असतं. 2001 मध्ये पेट्राइड्स आणि फर्नम यांनी तर सरळ मान्यच केलं की हो, असा स्वतःच सांगितलेला ईक्यू हा स्वभावाचाच भाग, त्याला तसंच नाव द्या. मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मेयर-सॅलोव्ही मात्र हटले नाहीत, ही बुद्धीच आहे म्हणाले आणि कारुसोला सोबत घेऊन 2002 मध्ये 141 प्रश्नांची एमएससीईआयटी नावाची टेस्ट आणली. यात चेहऱ्याचा फोटो दाखवून विचारतात, यात राग किती, भीती किती. बरोबर उत्तर कोण ठरवणार? तर एकतर बहुसंख्य लोक, नाहीतर 21 तज्ज्ञांचं पॅनेल, आणि यावरही टीका झालीच. पण या टेस्टचं बिग फाइव्हशी नातं बरंच सैल निघालं, थोडंफार जुळतं ते मिळून-मिसळून वागण्याच्या गुणाशी. आणि गंमत म्हणजे एकाच माणसाला दोन्ही प्रकारच्या टेस्ट दिल्या तर ते दोन स्कोअर एकमेकांशीही फारसे जुळत नाहीत, तरी रिपोर्टवर दोन्हीकडे ईक्यूच छापलेलं असतं.