झटपट वितळणे आणि उष्णतेवाचून वितळणे

फेम्टोसेकंद लेसरचा एक स्पंद (प्रकाशाचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झोत) पडला आणि घन पदार्थ काही पिकोसेकंदांत वितळला असे वाचले, की इतक्या थोड्या वेळात उष्णतेला वाव कुठला, हे औष्णिक वितळणे असूच शकत नाही, असा समज होतो. अभ्यासूंच्या लिखाणातही हा घोटाळा आढळतो, म्हणून तो नीट सोडवणे मला आवश्यक वाटते. औष्णिक आणि अनौष्णिक वितळणे यांतला फरक मुळात वेगाचा नाही. प्रकाशाने दिलेली ऊर्जा अणूंपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते आणि अणूंची रचना कशामुळे मोडते, याचा तो फरक आहे.

दोन्हींची सुरुवात एकच असते. प्रकाश प्रथम इलेक्ट्रॉनच शोषून घेतात. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग, आणि असे हजार फेम्टोसेकंद मिळून एक पिकोसेकंद होतो. स्पंद जर शंभरेक फेम्टोसेकंदांचा असेल, तर तो संपतो तेव्हा इलेक्ट्रॉन अतिशय तप्त आणि अणूंचे स्फटिकजालक (स्फटिकातली त्यांची नियमित मांडणी) मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच थंड, अशी विलक्षण अवस्था निर्माण झालेली असते. वाटा फुटतात त्या यानंतर.

ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा जालकाच्या कंपनांना देत जातात आणि जालक तापते. टोरोंटो विद्यापीठात ड्वेन मिलर यांच्या गटाने 2003 साली अवघ्या 20 नॅनोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यावर लेसरचा स्पंद टाकला आणि इलेक्ट्रॉन विवर्तनाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत अणूंवरून कसा विखुरतो ते पाहून, त्याची रचना टप्प्याटप्प्याने टिपली, तेव्हा सुमारे 3.5 पिकोसेकंदांत स्फटिकाची शिस्त नाहीशी होऊन द्रवाची रचना आलेली दिसली. हा वेग थक्क करणारा आहे, तरीही ही वाट औष्णिकच आहे. जालक 660 अंश सेल्सिअस या द्रवणांकाच्या बरेच वर तापले, क्षणभर घन अवस्थेतच राहिले आणि मग आतून सर्वत्र कोसळले. नेहमीचे वितळणे पृष्ठभागापासून आत सरकत जाते. येथे तेवढी सवड मिळाली नाही, एवढेच.

इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाची गोष्ट वेगळी आहे. अशा स्फटिकात अणूंना जागेवर धरून ठेवतात ते दोन अणूंमधले सहसंयुज बंध, आणि हे बंध म्हणजे ठरावीक अवस्थांत बसलेले इलेक्ट्रॉनच. प्रखर प्रकाशाने त्यांतले पुरेसे इलेक्ट्रॉन बंध सैल करणाऱ्या अवस्थांत ढकलले (सिलिकॉनसारख्या स्फटिकांसाठी सैद्धांतिक आकडेमोड हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास सांगते), तर अणूंना परत ओढणारे बलच उरत नाही. स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर मिळवलेल्या अतिलघु क्ष-किरण स्पंदांनी 2005 साली नेमके हेच दाखवले. स्पंदानंतरच्या पहिल्या काही शे फेम्टोसेकंदांत अणू ज्या वेगाने विस्थापित होत होते, तो वेग प्रकाशाने दिलेला नव्हता. सामान्य तापमानाला कंप पावताना त्यांच्याजवळ जो वेग होता, त्याच वेगाने ते सरळ पुढे निघाले होते. 300 केल्विनला या अणूंचा कोणत्याही एका दिशेतला वेग सेकंदाला साधारण 150 मीटर येतो, म्हणजे अर्ध्या पिकोसेकंदात पाऊण अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). दोन शेजारी अणूंमधले अंतर 2.8 अँगस्ट्रॉम असल्यामुळे रचना विस्कटायला एवढे पुरेसे आहे. अणू तापले म्हणून सुटले नाहीत, तर बंध सुटले म्हणून ते आधीच्याच गतीने वाहत गेले, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मात्र ‘अनौष्णिक’ या नावावरून तयार झालेला द्रव थंडच राहतो असे समजू नये. पुढच्या काही पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अणूंकडे जातेच, आणि उशिरा पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी सारखाच तप्त द्रव दिसतो. म्हणून खूण शोधायची ती आरंभीच्या क्षणांत. केवळ परावर्तित प्रकाश मोजून भागत नाही, कारण अणू जागचे न हलताही उत्तेजित इलेक्ट्रॉनांमुळे परावर्तन बदलू शकते. सिलिकॉनचा पृष्ठभाग पिकोसेकंदाच्या आत आपली सममिती, म्हणजे अणूंच्या मांडणीतला नियमितपणा, गमावतो, हे 1983 साली शँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशीय मार्गानेच दाखवले होते, पण अणूंच्या स्थानांची थेट साक्ष क्ष-किरण किंवा इलेक्ट्रॉन विवर्तनच देते.

इलेक्ट्रॉन उत्तेजित झाले की बंध सैल होणारच, असाही नियम नाही. सोन्यावर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीव्र उत्तेजनाने जालक उलट अधिक ताठ होते, असे आढळले. तेथे वितळणे औष्णिक वाटेनेच होते.

घनातून घनात होणाऱ्या संक्रमणांत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. बेल प्रयोगशाळेत मॉरिन यांनी 1959 साली नोंदवलेले व्हॅनेडियम डायऑक्साइडचे संक्रमण घ्या. 68 अंश सेल्सिअसच्या खाली व्हॅनेडियमचे अणू जोड्यांनी बसलेले असतात आणि पदार्थ विद्युतरोधक असतो. त्याच्या वर जोड्या सुटतात आणि तो धातूसारखा वाहक होतो. प्रकाशाच्या स्पंदानेही हे घडते, आणि जालक तापण्याची वाट न पाहता घडते. सर्व जोड्या एका तालात सरकून नव्या जागी जातात असे चित्र बराच काळ रंगवले जाई, परंतु स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवरील 2018 च्या मोजमापांत सुमारे 150 फेम्टोसेकंदांत प्रत्येक अणू आपापल्या दिशेने, शेजाऱ्याशी मेळ न राखता, जोडीतून सुटताना दिसला.