अँजिओग्राफीला न दिसणारी चरबी

संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी क्षारांनी आतून बुजत जाते. हृदयाच्या धमनीचंही तसंच होतं असं बहुतेकांना वाटतं. म्हणून अँजिओग्राफीच्या रिपोर्टात ‘३० टक्के ब्लॉकेज’ वाचलं की घरचे निश्चिंत होतात आणि गोळ्या सुटतात. पण कोलेस्टेरॉल साचतं ते भिंतीच्या आत, अस्तराखाली, आणि भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते. शिकागोतले सेमूर ग्लागोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातली हृदयं तपासून १९८७ मध्ये हे दाखवलं: या थराने, म्हणजे प्लाकने, सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत दिसते ती रक्तासोबत वाहणाऱ्या डायची, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणाऱ्या औषधाची, सावली. भिंत तिच्यात येतच नाही.

सगळ्यात धोक्याचा प्लाक म्हणजे मऊ चरबीचा गाभा आणि त्यावर ६५ मायक्रॉनहून पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाएवढं आवरण. ते फाटलं की आतला माल रक्ताला भिडतो, गुठळी होते आणि वाट मिनिटांत बंद पडते. त्यामुळे रिपोर्टातल्या टक्क्यांइतकंच भिंतीत काय आहे हेही विचारलं पाहिजे.

धमनीत तार न घालता हे पाहता येतं ते सीटी कोरोनरी अँजिओग्राफीने, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनने. नेहमीच्या अँजिओग्राफीहून ही तपासणी वेगळी. गडचिरोली किंवा मेळघाटातून त्यासाठी नागपूर-अमरावती गाठायची, तर तयारी घरूनच करून निघावं, नाहीतर फेरी वाया जाते. सीरम क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ हवा, कारण डायचा भार किडनीवर पडतो. किडनी कमजोर असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन ४८ तास बंद ठेवायला सांगतात. चहा-कॉफी आदल्या रात्रीपासून बंद. खर्राही बंद, कारण निकोटिनने ठोके वाढतात, आणि इथे ठोके मिनिटाला ६०च्या आसपास लागतात. ते जास्त असले तर तासभर आधी ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी देतात. दमा असेल तर आधीच सांगावं. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन धमन्या रुंद करतात. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल तर लाज न बाळगता सांगा, दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक घसरतो. मग कोपराच्या शिरेतून साधारण ६० ते ८० मिलिलिटर डाय वेगाने जाते, अंगभर गरम वाटतं आणि दहाएक सेकंद श्वास रोखायचा असतो. ठोके अनियमित पडले किंवा श्वास सुटला की धमनी चित्रात तुटक, पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

चित्रातला प्रत्येक ठिपका क्ष-किरण किती अडवतो ते हाऊन्सफील्ड युनिटमध्ये मोजलं जातं. पाणी शून्य, प्लाकमध्ये साचलेला चुना (कॅल्शियम) १३०च्या वर, आणि ३०च्या खाली उतरणारा प्लाक चरबीचा समजतात. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासाच्या २०२० मधल्या विश्लेषणात असा प्लाक धमनीच्या ४ टक्क्यांहून जास्त असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका जवळपास पाचपट निघाला. तरी हा आकडा जपून वाचावा लागतो. चरबीची आणि तंतुमय प्लाकची मापं एकमेकांत मिसळतात, शेजारच्या डायमुळे आकडा फुगतो, आणि चुन्याचा खडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसून बाजूचं झाकून टाकतो.

याहून नेमकं पाहायचं तर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, तारेवरून धमनीत शिरणाऱ्या बारीक कॅथेटरने. आयव्हस म्हणजे अल्ट्रासाउंड. तो अख्ख्या भिंतीची जाडी दाखवतो, पण शंभरेक मायक्रॉनपेक्षा बारीक काही त्याला कळत नाही आणि चुन्यामागे अंधार असतो. ओसीटीत अवरक्त प्रकाश वापरतात, १० ते २० मायक्रॉनपर्यंतचं दिसतं, म्हणून पातळ आवरण मोजायला तीच उपयोगी. मात्र रक्त राहिलं की प्रकाश विखुरतो, त्यामुळे डाय जोरात सोडून रक्त बाजूला सारावं लागतं. शिवाय चरबीत प्रकाश विरतो आणि गाभा किती खोल आहे हे कळत नाही.

एनआयआरएस, अर्थात जवळच्या अवरक्त प्रकाशाचं वर्णपटमापन, थेट रसायन ओळखतं. कोलेस्टेरॉल ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतं. कॅथेटर फिरत मागे येतं आणि धमनीचा उलगडलेला नकाशा तयार होतो, चरबी तिथे पिवळा, बाकी लाल. हजार ठिपक्यांत पिवळे किती, हा त्याचा निर्देशांक. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड हजारांवर रुग्णांच्या एलआरपी अभ्यासात, कुठल्याही ४ मिलिमीटर तुकड्यात तो ४०० ओलांडत असेल, तर धमनीच्या त्या भागातून पुढच्या दोन वर्षांत त्रास होण्याची शक्यता तिपटीहून जास्त आढळली. खोली मात्र या नकाशात नसते, म्हणून एकाच कॅथेटरमध्ये आयव्हसही बसवलेला असतो.

या आतल्या तपासण्या महाग आहेत आणि कुणीही हौसेने करून घ्यायच्या नाहीत. अँजिओप्लास्टी चालू असताना डॉक्टरांना शंका आली तर त्यांचं मोल मोठं. छातीत आत्ता दुखत असेल, घाम सुटला असेल, तर स्कॅनची चौकशी करत बसू नये. १०८ला फोन करून ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात पोहोचावं.

चरबी दिसली म्हणजे स्टेंटच, असंही नाही. २०१३ मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध, घेतल्यावर सहा-आठ आठवड्यांतच पिवळा भाग घटलेला दिसला. ही जास्तीत जास्त मात्रा आहे, ती डॉक्टरच ठरवतील. स्टॅटिनने चरबी घटत असताना प्लाकमध्ये चुना मात्र वाढू शकतो. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे सीटीत मोजलेला चुना, चढलेला आला तर गोळी लागू पडत नाही असं समजून ती बंद करू नका. आधी एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, किती उतरलं ते पाहा, आणि पुन्हा सीटी करायची वेळ आलीच तर जुन्या तपासणीची सीडी सोबत न्या, नुसता कागद पुरत नाही.